सर, सोळा कधीच आले होते

सर, आधी आकडा सांगतो, रडायचं ते मागून रडू. सोळा पूर्णांक दोन. तुमच्या पद्मिनी गाडीनं गेल्या दिवाळीच्या आधी, दारव्हा रोडवर, एका लिटर पेट्रोलात एवढे किलोमीटर काढले होते. तुम्ही स्वतः स्टिअरिंगवर होता, मी बाजूला बसलो होतो, आणि आपण दोघांनी मिळून वहीत लिहिलं चौदा पूर्णांक सहा. तुम्ही पैज हरलात. म्हणजे हरलात असं आपल्याला वाटलं. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले आणि खरं काय ते मला तीन दिवसांपूर्वी कळलं. तेव्हापासून गॅरेजमध्ये माझं लक्ष नाही. पाना हातात घेतो आणि तुमच्याशी बोलत बसतो. गिऱ्हाइकं म्हणतात, अकील मिस्त्री बिघडला. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. शुद्धलेखन तपासू नका, तुम्ही गणिताचे होता.

नुसतं उत्तर लिहिलं की तुम्ही अर्धेच गुण द्यायचे. "पायऱ्या दाखव, अकील. उत्तर तर शेजाऱ्याचंही पाहता येते." आठवीत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. तर आता पायऱ्याच दाखवतो.

पहिली पायरी काकूंची. गेल्या पोळ्याला त्यांनी तुम्हाला निर्वाणीचं सांगितलं, ही गाडी आपल्याहून जास्त पिते, हिचं पथ्यपाणी तुमच्यापेक्षा जास्त, आता एक तर ही सुधारा नाही तर काढा. तुमचा मुकुंद पुण्याहून फोनवर आईच्याच बाजूनं बोलला. तुम्ही वाद घातला नाही. फक्त विचारलं, "सुधारली म्हणजे किती? आकडा सांग." काकूंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण तुमच्याबरोबर संसार केलेल्या बाईला आकडा मागितल्यावर आकडा द्यावा लागतो हे बरोबर माहीत होतं. त्या म्हणाल्या सोळा. लिटरला सोळा, दिवाळीच्या आत. आले तर गाडी जन्मभर दारात, त्या एक शब्द काढणार नाहीत. नाही आले तर विकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या दिग्रसच्या गॅरेजवर हजर. तेव्हा गाडी लिटरला अकराही देत नव्हती. मी म्हणालो, "सर, सोळा लय झाले. काकूले म्हना, तेरावर मांडवली करा." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा आठवीत जाऊन बसलो.

काय दिवस होते ते, सर. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत मी दुसऱ्या कोणत्याच गाडीवर मनापासून काम केलं नाही. मागचं डावं चाक हातानं फिरवून पाहिलं तर ब्रेक चिकटत होता, म्हणजे बिचारी इतकी वर्षं एक पाय बांधून पळत होती. तो सोडवला तर अकराचे बारा झाले. टायरमध्ये हवा बरोबर भरली, प्लगचा गॅप धरला, पॉइंट नवे टाकले. डिक्कीतलं सामान तुम्ही घरच्या तराजूवर तोलून बाहेर काढलं आणि त्यात काकूंची लोणच्याची बरणी निघाली, पुसदला तुमच्या साल्याकडे पोचवायची राहिलेली. ती किती महिन्यांची आहे हे काकूंना सांगायचं नाही असं आपलं ठरलं. मी अजून सांगितलेलं नाही.

आणि ती बाटली. एका लिटरच्या मापात मोजलेलं पेट्रोल बाटलीत ओतायचं, बाटली इंजिनापासून लांबच्या कोपऱ्यात तारेनं बांधायची, टाकीची नळी काढून बाटलीची लावायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. आमच्या धंद्यात मायलेज असंच पाहतात. पण आम्ही मिस्त्री लोक अंदाजपंचे पाहतो. तुम्ही म्हणालात, कार्ब्युरेटरमध्ये आधीचं पेट्रोल उरलेलं असतं, त्याचा हिशोब कोण देणार? मग आधी गाडी तहानेनं मरू द्यायची, त्यानंतर लिटर ओतायचा, आणि पुन्हा मरेपर्यंत जायचं. भर उन्हात दारव्हा रोडच्या कडेला गाडी दोनदा मारायची आणि डब्यातल्या पेट्रोलानं परत आणायची. कापूस घेऊन जिनिंगकडे जाणारे गाडीवाले थांबून विचारायचे, "काय झालं मास्तर, धक्का पाह्यजे काय?" तुम्ही म्हणायचे, "नको, ते बरोबर बंद पडली." लोक हसत जायचे. मला आधी लाज वाटायची. नंतर मीच ओरडून आकडा सांगायला लागलो.

तुम्ही सगळ्याच बाबतीत बरोबर होता असं मात्र समजू नका. जेटचा वाद मी जिंकला आहे आणि तो मी सोडणार नाही. आजकालच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेलं असतं. त्याचा दम कमी, म्हणून जुन्या गाडीला ते थोडं जास्त पाजावं लागतं, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक केसभर मोठं लागतं. तुम्ही म्हणालात, मोठं भोक म्हणजे जास्त पेट्रोल, हे चौथीतलं पोरही सांगेल. मी म्हणालो, सर, इंजिन चौथीत शिकलेलं नाही. तरी तुम्ही लहान जेट टाकायला लावलं. गाडी तापली, प्लगचं तोंड पांढरं फटक पडलं आणि बाटली साडेदहावर संपली. मग मी माझ्या मनाचं जेट टाकलं, प्लग काढून दाखवला. शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग, तोच बरोबर रंग. तुम्ही चष्मा वर करून बराच वेळ तो प्लग न्याहाळला आणि विचारलं, "या रंगाला आकडा नाही काय?" मी म्हणालो, नाही. तुम्हाला ते आवडलं नाही, पण त्या दिवशी बाटली साडेतेरावर संपली आणि तुम्ही मला रस्त्यातच पेढा भरवला.

अजून एक गोष्ट. एकदा मी चालवत होतो आणि बाटली तळाला आली होती. पुढं उतार होता. मी हळूच गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद केलं आणि सोडून दिली. फुकटात अर्धा किलोमीटर मिळाला असता. तुम्ही माझ्या हातावर फटका मारला. सर, चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या हातावर. म्हणालात, "हे मायलेज इंजिनाचं नाही, उताराचं आहे. सगळं पुसून टाक, उद्या पुन्हा." आणि खरंच सगळं पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. काकूंना कोण सांगणार होतं? कोणीच नाही. तेव्हा मला तुमचा राग आला होता. आज त्याच फटक्यानं मला वाचवलं आहे, ते पुढं सांगतो.

आता मीटरची पायरी.

आठ वर्षांपूर्वी तुमच्या गाडीचा मीटर बंद पडला होता. मी अमरावतीच्या जुन्या बाजारातून दोन मीटर आणले. एक तुमच्या गाडीचाच होता, फक्त पूर्ण किलोमीटर दाखवणारा. दुसरा कुठल्या तरी वेगळ्या गाडीचा होता, पण त्यात शेवटी एक लाल चाक होतं, किलोमीटरचा दहावा भाग दाखवणारं. तुम्ही तो पाहिला आणि तुमचा चेहरा असा खुलला. "अरे, याच्यात दशांश आहे." मग काय, तोच बसवला. भोकात बसला, केबल जुळली, काटा हलला, काम झालं. मीटरच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, एका किलोमीटरला केबलचे फेरे किती लागतात ते. प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. मी ते वाचलं नाही. तुम्ही तर दशांशावरच भाळलेले. एक गणिताचे मास्तर आणि एक वीस वर्षांचा अनुभव असलेला मिस्त्री, दोघांनी मिळून लाल चाकासाठी चुकीचं माप गाडीत बसवलं आणि आठ वर्षं त्याच्यावर विश्वास ठेवला.

दिवाळीला चार दिवस उरले होते. शेवटची बाटली. तुम्ही चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही, गिअर लोण्यासारखे टाकलेत. गाडी मेली तेव्हा मीटर म्हणाला चौदा पूर्णांक सहा. आपण तो वहीत लिहिला. मग तुम्ही विचारलं, अगदी हळू आवाजात, "अकील, मीटर एखाद्या वेळी तपासून घ्यायचा काय?"

आणि मी भडकलो. आठ वर्षांनी माह्या कामावर शंका, माह्या हातचा मीटर खोटा, मग जेटही खोटं असन, ब्रेकही खोटा असन. काय काय बोललो मी. त्या दिवशी मलाही हरल्याचं दुःख होतं, आणि ते कुठं तरी काढायचं होतं. गाडीतून मला गॅरेजवर सोडलंत आणि घरी गेलात. आठ दिवस मी तुमच्या गल्लीत फिरकलो नाही. दिवाळीच्या फराळालाही आलो नाही. तुमच्या घरचा चिवडा चुकवण्याची माझी ती पहिली वेळ. नवव्या दिवशी तुम्हीच डबा घेऊन गॅरेजवर आलात. स्टुलावर बसलात, म्हणालात, "मीटर बरोबरच असन. तो विषय सोड. चिवडा खा." मी खाल्ला. तुमच्यासमोर चार बकाणे भरले आणि वर म्हणालो, मीठ कमी आहे.

तुम्ही शब्दाचे पक्के. पैज हरलो म्हणजे विकायची. गिऱ्हाईक मिळालं ते आर्णी रोडवरचं, एक धाबेवाला. त्याला गाडी चालवायची नव्हती. इंजिन काढून टाकायचं, बॉनेटच्या जागी पानाचा ठेला करायचा आणि मागच्या सीटवर बसून लोकांनी फोटो काढायचे, असा त्याचा बेत. हे मला कळलं तेव्हा मी तुमच्यावर चिडलो. तुम्ही म्हणालात, "हरलेल्या माणसानं अटी घालू नये." उन्हाळ्याच्या आधी नेतो म्हणाला होता तो. त्याच्या आधी तुम्हीच गेलात.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी काकूंचा निरोप आला. रविवारी धाबेवाला येणार, गाडी चालू करून ठेव. मी गाडी गॅरेजवर आणली. खरं सांगू, सर, मला ती शेवटचं चालवायची होती. आणि एक काम बाकी होतं. डिस्ट्रिब्युटरला एक रबराचा पडदा असतो, गाडी हलकी चालत असली की ठिणगी जरा आधी पाडणारा. तुमच्या गाडीचा तो फाटका होता आणि नवा मिळत नव्हता. तुम्ही आजारी असताना तो मला मिळाला होता. बसवून तुम्हाला चकित करीन म्हणून ठेवला होता, राहून गेलं. तो बसवला. मग बाटली बांधली. तुमच्या पद्धतीनंच, आधी मारून मग लिटर ओतून. निघालो आणि दुसऱ्याच वळणावर खट आवाज झाला. मीटरची केबल तुटली. काटा शून्यावर, लाल चाक थांबलेलं.

परत फिरावं वाटलं. पण बाटली चालू होती, आणि रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड होते. म्हटलं, चला, दगड मोजू. सुरुवात दगडापाशीच केली होती, तुमची सवय. दहा झाले, बारा झाले. चौदावा दगड गेला तरी इंजिन गुणगुणतच होतं. पंधरावा गेला. सोळावा गेला तेव्हा मी एकटा गाडीत ओरडलो. सतराव्या दगडाच्या पुढं तिनं आचका दिला आणि थांबली. मी उतरून परत दगडापर्यंत पावलं मोजत गेलो. सतरा पूर्णांक तीन. तुरीच्या शेतात एक म्हातारा काम करत होता. त्याला मी लांबूनच ओरडून सांगितलं. त्यानं हात वर केला. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

नाचून झाल्यावर मी बंपरवर बसलो आणि मग डोक्यात तुमचा आवाज आला. पायऱ्या दाखव. पडदा बदलून एक किलोमीटर वाढेल. फार तर सव्वा. चौदा सहाचे सतरा तीन कसे होतील? उत्तर आवडलं म्हणून पायरी गाळायची नाही. गॅरेजवर येऊन नवी केबल टाकली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. दहा दगड मोजले. मीटर म्हणाला नऊ. परत येताना पुन्हा दहा दगड, पुन्हा नऊ. मीटर खोलून तबकडी उन्हात धरली, आणि ते बारीक अक्षर आठ वर्षांनी वाचलं. ती केबल तुटली नसती तर मीही मीटरवरचे पंधरा सहा लिहून गाडी त्या धाबेवाल्याला देऊन टाकली असती. आणि मग मी तुमचं दिवाळीचं उत्तर काढलं. चौदा पूर्णांक सहा, गुणिले दहा, भागिले नऊ.

सोळा पूर्णांक दोन. काकूंचा आकडा, दिवाळीच्या आत.

आता जे सांगतो त्याची मला लाज आहे, पण ती पायरीही दाखवतो. एक दिवस मी काहीच केलं नाही. कारण रस्ता सोपा होता. काकूंना जाऊन म्हणायचं, नवा पडदा टाकला, सतरा आले, गाडी ठेवा. खोटं काहीच नव्हतं त्यात. गाडी वाचली असती आणि दिग्रसभर नाव झालं असतं की मास्तरला जमलं नाही ते अकीलनं केलं. मीटरचं कोणालाच कळलं नसतं. पण हे मायलेज उताराचं होतं, सर. हातावर तुमचा फटका अजून लागत होता. शुक्रवारी नमाज झाली आणि तिथूनच थेट तुमच्या घरी गेलो.

काकू अंगणात तूर निवडत होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, मीटर, लाल चाक, दगड, आणि माझं भांडणही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे चूक कोनाची?"

"माही, काकू."

"अन् हे मले काहून सांगून राह्यला तू? नुसतं सतरा आले म्हटलं असतं तरी मी मानलं असतं."

"तुमी मानलं असतं. पन सर हरलेलेच राह्यले असते."

काकू सुपातली तूर नुसती हातानं चाळत होत्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले अन् म्हनाले, जिंकली तू. मी हासली, अकील. लय हासली. म्हटलं, एवढं शिकले, शेवटी बायकोपुढे हरलेच. ते जेवले बी नाही नीट. मले वाटलं, गाडीसाठी तोंड पाडून बसले." आम्ही दोघं तुरीच्या सुपाकडे पाहत रडलो.

मग त्या उठल्या, तोंड धुतलं, आणि धाबेवाल्याला फोन लावला. म्हणाल्या, गाडी विकायची नाही. तो काही तरी बोलत होता, त्या ऐकून घेत होत्या. "नाही भाऊ, किमतीचा प्रश्न नाही. आमच्या घरातली पैज होती, तिचा निकाल लागला. मी हरली." फोन ठेवला आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. मला म्हणाल्या, "आता चहा पेशील का तसाच बसशील?"

झालं, सर. पायऱ्या संपल्या. गाडी दारात आहे, झाकून ठेवली आहे, आठवड्यातून एकदा मी फिरवीन. पण एक गोष्ट मी तुम्हाला विचारू शकत नाही म्हणून तीन दिवस माझी झोप गेली आहे. मीटर तपासायला काय लागलं असतं? दहा दगड, पंधरा मिनिटं. हे तुम्हाला माझ्या आधी सुचलं होतं. मी रुसून बसलो त्या आठ दिवसांत तुम्ही एकटे जाऊन तपासू शकला असता, आणि जिंकला असता. तुम्ही गेला नाहीत. इंजिन बंद करून अर्धा किलोमीटर घेऊ न देणारा माणूस, ज्यानं जन्मात एक पायरी गाळली नाही, तो माझ्या गॅरेजवर चिवडा घेऊन आला आणि म्हणाला, मीटर बरोबरच असन. तुम्हाला खात्री नव्हती. तुम्हाला फक्त मी परत हवा होतो. तुम्ही माझ्यासाठी गाडी हरलात, सर, आणि मी तुम्हाला म्हणालो, मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.